शेकडा छत्तीस

मोरचुदाच्या कोरड्या खड्यात पाणी असतं, हे पोरींना पटवता पटवता माझी तेहतीस वर्षं गेली. खडा हातात घेतला तर बोट ओलं होत नाही. पण तोच खडा चिनी मातीच्या मुशीत घालून तापवा. निळा रंग उडून जातो, पांढरी भुकटी उरते आणि वजन कमी भरतं. जेवढं कमी भरलं तेवढं पाणी. शंभरात छत्तीस भाग. दर वर्षी छत्तीस, दर मुलीचं छत्तीस.

खरं सांगायचं तर आमच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग कुणी करतच नाही. मुलींनी त्याला नाव ठेवलंय ‘खालून वर’. आधी पानाच्या तळाशी उत्तर लिहायचं, आणि मग वर चढत चढत त्याला जुळतील अशी वजनं भरायची. मूस तापवायची ती फक्त परीक्षकांना बर्नर पेटलेला दिसावा म्हणून. ही पद्धत मी काढली नाही. सुरुवातीची काही वर्षं मी ओरडलेसुद्धा. मग घसा बसला. निकाल चांगला लागत होता, कुणाची तक्रार नव्हती, आणि मी दमले होते. तीन महिन्यांनी निवृत्त व्हायचं होतं. कोण कशाला नसती उठाठेव करणार?

तर यंदाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला अठरा मुली होत्या. त्यातल्या एकीला सगळ्या ‘सावकाश’ म्हणायच्या. कारण ती सगळंच सावकाश करायची. मूस तापवायची, गार होईपर्यंत थांबायची, वजन करायची, पुन्हा तापवायची, पुन्हा वजन करायची. दोन वजनं सारखी आल्याशिवाय पेन उचलायची नाही. पुस्तकात तसंच सांगितलंय, पण पुस्तकात सांगितलेलं करतं कोण? गेल्या वर्षी तिचं उत्तर तेहतीस आलं आणि अख्ख्या वर्गात ती एकटी नापास झाली.

तेव्हा तिची आई मला भेटायला आली होती. शिवणाच्या कारखान्यात काम करणारी बाई, बोटांना सुईच्या खुणा. दारातच उभी राहून म्हणाली, “बाई, स्पष्ट सांगा. पोरीच्या हातात काही आहे की नाही? नसेल तर मी तिला माझ्याबरोबर मशीनवर बसवते. उगाच वर्षं कशाला घालवायची?”

मी म्हणाले, “हात कच्चा आहे हो तिचा. अजून एक वर्ष देऊन बघा.”

ते एक वर्ष हे होतं. यंदा राहिली की मशीन.

परीक्षा संपली. मुली हात धुऊन बाहेर पडल्या. बाहेरून आलेले परीक्षक माझ्या टेबलावर पानं तपासत बसले होते. माणूस वयस्कर, सज्जन, माझ्याइतकाच कंटाळलेला. सतरा पानांवर त्यांनी झराझरा बरोबरच्या खुणा केल्या आणि अठराव्यावर थांबले.

“बाई, हिचं एकतीसच आलंय. दोन ग्रॅमला बाहत्तर शतांश घट यायला हवी, हिची बासष्टच आहे. नापास करायचं माझ्या जिवावर येतंय. पाच मिनिटं देतो. चूक सापडली तर दुरुस्त करू दे तिला.”

म्हणजे सरळसरळ पळवाट. मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले आणि सावकाशला आत बोलावलं.

“हे बघ, बासष्ट खोड, बाहत्तर लिही, आणि मोकळी हो,” मी हळूच म्हणाले.

वाटलं होतं, वाद घालेल. तिनं मुकाट्यानं पेन हातात घेतलं. डोळे भरले होते. म्हणाली, “खोडते, बाई. फक्त मी चुकले कुठे तेवढं सांगा. वर्षभर मी घरी सराव केलाय. चिमट्यानं गरम वाट्या उचलल्यात, आई हसायची. मूस हलली नाही, खडा उडाला नाही, दोनदा तापवून वजन तेच आलं. माझ्या हाताचं नक्की काय चुकतं?”

मी कपाट उघडलं, निदान तोंड फिरवायला जागा मिळाली. मोरचुदाची बाटली पुढेच होती. तिचं बूच कधीचं फुटलेलं. प्रयोगशाळेच्या शिपाईमामांनी तोंडाला कागद गुंडाळून रबर लावलं होतं. कपाटाला लागूनच भट्टी, दिवसभर चालू. त्या कोरड्या उबेत वरच्या खड्यांवर पांढुरका थर धरायचा आणि मामा चमच्यानं ढवळून तो खाली करायचे. मी ते पाहिलं होतं. नवी बाटली मागवायची तर तीन प्रतींत अर्ज, सह्या, आठवण करून देणं. मी दर वेळी ‘बघू पुढे’ म्हणून वेळ मारून नेली होती.

पांढुरका थर म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. त्या खड्यांतलं काही पाणी मुशीत जाण्याआधीच उडून गेलेलं होतं. आता तापवून छत्तीस भाग पाणी निघणार कुठून? निघालं ते एकतीस. पोरीनं अगदी अचूक मोजलं होतं.

गप्प बसले असते तर ती खोडणार होती, पास होणार होती आणि मी निवांत घरी जाणार होते. पण ती पेन धरून माझ्या उत्तराची वाट बघत होती.

“तू चुकली नाहीस. पेन ठेव,” मी म्हणाले आणि बाटली नेऊन परीक्षकांसमोर ठेवली. “सर, मुलीचं बरोबर आहे. खडे खराब आहेत.”

त्यांनी खडे उलटसुलट करून पाहिले. चष्मा काढला. “बाई, मग या सतरा जणींना छत्तीस मिळालं कुठून?”

“मिळालं नाही. लिहिलं.”

पुढे व्हायचं ते झालं. आठवड्यानं नवी बंद बाटली आणून सगळ्यांची परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरलं. माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. प्राचार्य म्हणाले, “जाता जाता हे काय काढलंत, बाई?” मुलींनी सावकाशशी बोलणं टाकलं आणि मला बघून त्या वाट बदलू लागल्या.

फेरपरीक्षेला मला आत बसायची परवानगी नव्हती. मी बाहेर बाकावर बसले. दार अर्धं उघडं होतं.

“सर, किती यायला पाहिजे?” कुणीतरी विचारलं.

“तुमचं येईल तेवढं.”

मग आत बर्नर पेटले. काहीतरी खळकन फुटलं. पुन्हा फुटलं. मामा केरसुणी घ्यायला बाहेर आले. “दोन मुशी गेल्या, बाई. पोरींना चिमटासुद्धा धरता येत नाही हो.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचे हात कच्चे होते आणि मी त्यांना दोन वर्षं पैकीच्या पैकी दिले होते.

सावकाश सगळ्यांत शेवटी बाहेर आली. चेहरा उजळला होता. “बाहत्तर शतांश, बाई. दोन्ही वेळा. छत्तीस टक्के.”

“शाब्बास! सुटलीस.”

ती निघाली नाही. समोर उभीच राहिली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. तिला काहीतरी विचारायचंय हे मला कळलं, आणि काय ते कळायच्या आतच तिनं विचारलं.

“बाई, गेल्या वर्षीही तीच बाटली होती ना?”

हा हिशोब मी केलाच नव्हता. नाही, असं म्हणणं खोटं होईल. केला होता, आणि कुणी विचारत नाही म्हणून गप्प बसले होते.

“हो,” मी म्हणाले.

ती रडली नाही, चिडलीही नाही. तेच जास्त लागलं. म्हणाली, “मग हे आईला तुम्ही येऊन सांगा. मी सांगितलेलं तिला पटायचं नाही. वर्षभर ती माझे हात बघतेय.”

“कधी येऊ?”

“आत्ताच चला,” ती म्हणाली. “ती जेवणाच्या सुट्टीत बाहेर येते.”

मी उठून तिच्या मागे निघाले. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्यापेक्षा भराभर चालत होती.