जनरलला घरी पोचवताना

जनरल त्सोंग मुआ गेला तेव्हा सेंट पॉलमध्ये थंडीनं नळ फुटत होते. पेपरात त्याचा गणवेशातला फोटो आला. ज्या गोऱ्या साहेबांना त्याचं नाव उभ्या जन्मात धड घेता आलं नाही, त्यांनी शोकसंदेश धाडले. जंगलातला वाघ म्हणे. वाघाला बंदूक कुणी दिली आणि पुढं कुणाची पोरं घातली, ते कुणी लिहिलं नाही.

मेलेल्याची वाट म्हणायला त्याच्या जुन्या शिपायाला, नेंग छूला बोलावलं. दुसरा होता कोण? जनरल कुठं कुठं राहिला ते क्रमानं ठाऊक असलेला हा एकच म्हातारा उरला होता. हमोंग ह्या डोंगरी जमातीत माणूस मेला की त्याला उलट्या वाटेनं न्यावं लागतं. मेला त्या गावापासून निघायचं, राहिला त्या प्रत्येक ठिकाणी थांबून प्यायलेल्या पाण्याचे आणि जाळलेल्या लाकडांचे आभार मानायचे, आणि जन्मघरी पोचायचं. तिथं मधल्या खांबाखाली त्याची जन्मावेळची वार पुरलेली असते. तो त्याचा पहिला अंगरखा. तो घातल्याशिवाय पूर्वज दारात उभं करत नाहीत. एक ठिकाण गाळलं की वाट तुटली, माणूस कायमचा भटकत राहिला.

अंत्यविधीच्या हॉलमध्ये उकडलेल्या गोमांसाचा वास भरला होता. बायका मेलेल्याला पुढं खर्चाला म्हणून सोनेरी कागदाच्या होड्या दुमडत होत्या. जुने शिपाई पोटावर न बसणारे गणवेश ओढूनताणून घालून आले होते. जनरलचा मुलगा ब्रायन नेंग छूला कोटांच्या खुंट्यांपाशी घेऊन गेला.

"काका, एक ऐकाल? वाट म्हणताना तळावरच्या विमानतळापासून बाबांना सरळ जन्मगावी न्या. मधला फू न्याओचा डोंगर नको."

"का? तिकडं रस्ता खणलाय का?"

"काका, चेष्टा नको. व्हिडिओ निघतोय. फ्रान्समधल्या आपल्या लोकांपर्यंत जाणार. लोक त्या डोंगराबद्दल काय काय बोलतात."

"तुझा बाप एक अख्खा उन्हाळा तिथं झोपला. तिथल्या झऱ्याचं पाणी प्यायला. मी काय करू, त्याच्या पोटातून काढून घेऊ?"

"सगळ्यांना माहीत आहे, बाबा शेवटच्या माणसाबरोबर खाली उतरले."

"सगळ्यांना असेल. मी रेडिओवर होतो, बाळा."

जनरलची बायको पाहुआ मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"भावजी, गाळलं तर काय होईल?"

"फिरत बसेल, वहिनी."

"इथं तरी काय करत होता? अख्खी रात्र खोलीत फेऱ्या." ती मुलाकडं वळली. "तू सूट सांभाळ. भावजी, तुम्ही सगळं म्हणा. त्याला जायचं तिथून जाऊ दे."

नेंग छूनं मान हलवली. ती समजली की हा तिच्या नवऱ्यासाठी आलाय. तसं नव्हतं.

फू न्याओवर नेंग छूचा धाकटा भाऊ फेंग मागं राहिला होता. चौदा वर्षांचा. बंदूक उभी केली की त्याच्या कानाला लागायची. जनरल हेलिकॉप्टरनं खाली गेला तेव्हा वरच्या पोरांना म्हणाला, मी येईपर्यंत जागा सोडायची नाही. मग खाली तळावर तो नेंग छूच्या खुर्चीमागं उभा राहिला. रेडिओवर फेंग विचारत होता, "दादा, हेलिकॉप्टर निघालं का?" जनरल म्हणाला, सांग, निघालं. नेंग छूनं सांगितलं. तोंड ह्याचं, शब्द त्याचे. संध्याकाळी रेडिओ बंद पडला. हेलिकॉप्टर कुणी पाठवलंच नव्हतं.

फेंगचं प्रेत मिळालं नाही. नेंग छूनं एकदा घरी त्याचा सदरा चटईवर पसरून वाट म्हणून पाहिली होती, पण पोरगं हललं नाही. हुकूम होता ना, जागा सोडायची नाही. तेव्हापासून नेंग छूच्या डोक्यात एकच होतं. ज्यानं वर ठेवलं, त्यानंच खाली आणायचं. जनरल कधीतरी मरणार, आणि त्याची वाट फू न्याओवरून जाणार. त्यासाठीच हा म्हातारा दम्याच्या गोळ्या खाऊन टिकून राहिला होता.

तो प्रेताच्या उशाशी बसला. ढोल आणि बांबूच्या पुंग्या अजून गप्प होत्या. वाट पूर्ण झाल्याशिवाय त्यांनी वाजायचं नसतं. त्यानं बांबूच्या दोन फाका हातात घेतल्या. एक उताणी, एक पालथी पडली की मेलेला हो म्हणाला.

"त्सोंग, ऊठ. आज तू मेलास. चल."

त्यानं सेंट पॉलच्या मातीचे आभार मानले. फाका पडल्या, होकार आला. मग फ्रेस्नो, जिथं जनरलनं मजुरीवर दुसऱ्याच्या शेतात स्ट्रॉबेरी खुडल्या आणि बायकोला सांगितलं, कुणाला सांगू नकोस. होकार. मग थायलंडची छावणी, तिथं लोक तांदळाच्या रांगेत त्याला सलाम ठोकत आणि पाठ वळली की थुंकत. होकार. मग तळ आणि त्याचा विमानतळ. तिथून तो स्वतः गेला शेवटच्या विमानानं, माणसं धावपट्टीवर पळत राहिली. तिथंही होकार.

"आता फू न्याओ."

जुन्या शिपायांनी माना खाली घातल्या. ब्रायननं कॅमेरावाल्याला बंद कर म्हणून हातानं खूण केली. कॅमेरावाला पोरगा भाबडा. जवळ ये म्हणतोय असं समजून आणखी जवळ आला.

"त्सोंग, ह्या झऱ्याचं पाणी तू प्यालास. इथली लाकडं जाळलीस. आभार मान."

होकार.

इथून पुढं निघायचं. नेंग छू निघाला नाही.

"त्सोंग, तू येईपर्यंत थांबा म्हणाला होतास. आलास. आता माझ्या फेंगला सांग, चल म्हणून. तुझ्यामागून येऊ दे त्याला."

हॉलमध्ये कुजबुज उठली. एक वयस्क भाऊबंद ओरडला, "अरे ए नेंग छू! एका माणसाच्या वाटेवर दुसरा चढवतोस? बस आहे का ती?"

"तुमच्या जनरलच्या विमानात जागा नव्हती," नेंग छू म्हणाला. "वाटेवर आहे."

त्यानं फाका टाकल्या. दोन्ही पालथ्या. पुन्हा टाकल्या. पालथ्या.

"मेल्यावर तरी, हरामखोरा! मेल्यावर तरी एक हुकूम दे!"

पालथ्या.

"काका, पुरे करा," ब्रायन रडवेला झाला. पाहुआ पुढं आली आणि नेंग छूजवळ जमिनीवर बसली.

"भावजी, सगळं त्यालाच विचारताय," ती हळू म्हणाली. "पोराला विचारलंत का?"

हे नेंग छूला सुचलंच नव्हतं. पन्नास वर्षं तो जनरलशीच भांडत होता. रेडिओवरही पोराला त्यानं सांगितलं होतं, विचारलं काहीच नव्हतं.

त्यानं फाका पुसल्या. आवाज उतरला, घरात बोलावा तसा झाला.

"फेंग. मी दादा. ह्या माणसामागून यायचं नाही, असं म्हणतोस?"

फाका पडल्या. एक उताणी, एक पालथी. पहिल्याच वेळी.

"इथंच राहायचंय?"

एक उताणी, एक पालथी.

नेंग छूला खोकला आला, तो त्यानं गिळला. आता दोनच गोष्टी होत्या त्याच्या हातात. इथं थांबायचं आणि जनरललाही ह्या डोंगरावर कुजवायचं, त्या पोराच्या उरावर, कायमचं. किंवा त्याला उचलून पुढं न्यायचं आणि भावाला मागं सोडायचं. त्यानं जनरलच्या मेणचट चेहऱ्याकडं पाहिलं. ह्याला पोरांच्या अंगणातून बाहेर काढायला हवं होतं. ते काम करणारा दुसरा कुणी नव्हता.

"चल, त्सोंग," तो म्हणाला. "पोरांना झोपू दे."

फाका टाकल्या. होकार.

तो पुढच्या गावाचं नाव घेऊ लागला. डोंगराचा उतार, ओढा, मक्याची शेतं. त्याचा आवाज फाटला तसा बायकांनी गळा काढला. शिपाई रडले. कॅमेऱ्यात सगळं नीट आलं: जनरलसाठी केवढं रडला म्हातारा, लोक पुढं कितीतरी दिवस म्हणत होते.