जागा धरणारा ट्रायपॉड

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेरा ज्याच्या डोक्यावर बसवतात ते तीन पायांचे स्टँड. सध्या माझा मुक्काम लेकसाइडच्या एका फ्लॅटमधल्या बॉम्ब शेल्टरमध्ये आहे. नाव ऐकून घाबरू नका. सिंगापूरच्या नव्या घरांत जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची एक छोटी खोली असते, लढाई झाली तर लपायला. लढाई काही होत नाही, म्हणून लोक तिथे रिकाम्या सुटकेसा, टॉयलेट पेपरची थप्पी आणि माझ्यासारख्या निरुपयोगी वस्तू कोंबतात. माझ्या एका पायावर व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप टेकलेला आहे. आमचे फारसे पटत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. नळ्या कापल्या, सांधे बसवले, डोके घट्ट आवळले, आणि एका माणसाने मला जमिनीवर उभे करून वरून दाबून पाहिले. मी हललो नाही. त्याने मान डोलावली आणि मला खोक्यात घातले. न हलणे एवढेच माझे शिक्षण. ते मी मन लावून घेतले आणि पुढे बरीच वर्षे त्याचा तोराही मिरवला.

मला दुकानातून घरी आणले प्रमोदने. तो मूळचा परभणीचा, इथे जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत इंजिनिअर आहे. सकाळी कंपनीच्या बसने जायचे, फाटकावर पास दाखवायचा, आणि दिवसभर उंच चिमण्यांच्या सावलीत काम करायचे. त्या बेटावर कॅमेरा न्यायला मनाई आहे. आठवडाभर ज्याला कॅमेऱ्याला हात लावता येत नाही, तो शनिवार उजाडला की गप्प बसतो होय? मला खांद्यावर टाकून तो जुरोंगच्या तळ्याकाठच्या बागेत निघायचा. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी लोकांच्या नडग्यांना लागायचो आणि प्रमोद दर स्टेशनला सॉरी म्हणायचा.

आमच्या कामाची एक गंमत आहे, मित्रांनो. ठरवलेले सहसा मिळत नाही आणि न ठरवलेले पदरात पडते. एकदा आम्ही अख्खी सकाळ एका खंड्याची वाट पाहत होतो. त्याने पाण्यात सूर मारला, आणि नेमके त्याच वेळी समोरून पाणमांजरांचे कुटुंब वर आले. खंड्या उपाशी उडून गेला, पण प्रमोदला आयुष्यभर सांगायला एक फोटो मिळाला. एकदा तर एका घोरपडीने मला झाडच समजून माझ्यावर नखे रोवली. प्रमोद हसला आणि शेजारच्या टॅन अंकलनी आमच्या दोघांचा फोटो काढला. टॅन अंकल म्हणजे तिथले जुने पक्षीवेडे, निवृत्त, उन्हाने रापलेले. अशा क्षणांना सगळे नशीब म्हणायचे. मीही म्हणायचो.

एका वर्षी प्रमोदचे आईवडील परभणीहून आले. वडील बाबूराव, एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. आई कमलाबाई. कमलाबाईंनी आल्या आल्या सुनेच्या, एकताच्या, स्वयंपाकघरात आपला जम बसवला. बाबूरावांना मात्र काही काम नव्हते. ते बाल्कनीत उभे राहून खालून जाणाऱ्या बसचे नंबर वाचायचे. नुसते बसून खाणे त्यांना जड जात होते. मुलाशी बोलावे तर विषय दोन वाक्यांत संपायचा. प्रमोद थकून यायचा, जेवायचा, झोपायचा. फक्त पक्ष्यांचे नाव निघाले की त्याचा चेहरा खुलायचा. हे बाबूरावांनी बरोबर हेरले होते.

त्याच सुमारास बागेतल्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी अंडी घालायला बसली. ती ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. नर बाहेरून फळे आणतो आणि त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांना भरवतो. पिल्ले मोठी झाली की ती भिंत फोडून बाहेर पडतात. ते बाहेर पडणे काही मिनिटांत उरकते आणि ते कधी होईल हे कोणी सांगू शकत नाही. आदल्या वर्षी ते झाले तेव्हा प्रमोद बेटावर कामात होता. संध्याकाळी त्याने दुसऱ्यांचे फोटो मोबाइलवर पाहिले आणि जेवला नाही.

झाडासमोर नीट दिसेल अशी जागा फार थोडी होती. म्हणून लोक पहाटेच ट्रायपॉड आणून उभे करायचे आणि जागा धरून ठेवायचे. इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, टेबल अडवायला टिश्यूचे पाकीट ठेवतात, तसेच हे. पण दिवसभर नुसता ट्रायपॉड सोडून गेले तर कोणीतरी तो हळूच मागे सरकवते. प्रमोद जेवताना हे सगळे सांगत होता. बाबूराव हात धुता धुता म्हणाले, "म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसं. नुसत्या रुमालाला कोण विचारतंय, शेजारी माणूस पाहिजे. मी बसतो की."

"बाबा, ऊन फार असतं."

"परभणीच्या माणसाला तू ऊन सांगतोस?"

दुसऱ्या दिवसापासून आमची दोघांची नोकरी सुरू झाली. सकाळी मला खांद्यावर घेऊन बाबूराव बागेत यायचे, माझे पाय फाकवून मला उभे करायचे आणि शेजारी घडीच्या स्टुलावर बसायचे. कॅमेरा घरीच असायचा. प्रमोद बसमधून उतरला की घरी जाऊन तो घेऊन यायचा आणि अंधार पडेपर्यंत उभा राहायचा. दुपारी एकता डबा आणून द्यायची. टॅन अंकल आणि बाबूरावांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी दोघे तासन्‌तास बोलायचे. बाबूराव मराठीत हिंदी मिसळायचे, टॅन अंकल म्हणायचे, "यू राइट, यू राइट." धनेशाचा नर फळ घेऊन आला की बाबूराव स्टुलावरून उठायचे. तो फटीतून एकेक फळ आत सरकवायचा आणि उडून जायचा. "गाडी वेळेवर आहे," असे म्हणून बाबूराव पुन्हा बसायचे.

मित्रांनो, मला सगळ्यांत चांगले कळते ते वजन. पहिल्या दिवसांत बाबूराव उठताना माझ्या एका पायाला नुसते बोट लावायचे. मग हात लावू लागले. मग दोन्ही हातांनी धरून, दम घेऊन उठू लागले. उठल्यावरही हात लगेच सुटायचा नाही. तळहात घामाने गार असायचा. भर दुपारी, एवढ्या उकाड्यात, गार. मला ते आवडत नव्हते. पण मला कोण विचारतो?

एकताच्याही ते लक्षात आले होते. डबा उघडून देताना ती म्हणाली, "बाबा, चेहरा उतरलाय तुमचा. आपण क्लिनिकला जाऊन येऊ या का?"

"पित्त झालंय गं. छातीत जळजळतं जरा."

"मग आजच जाऊ."

"हे पिल्लू एकदा बाहेर येऊ दे, मग जाऊ. आणि प्रमोदला सांगू नको. उगीच रजा टाकून घरी बसेल, आणि नेमकं तेव्हाच ते बाहेर येईल."

एकता घुटमळली. पण सासऱ्यांचा शब्द मोडण्याची तिला सवय नव्हती. तिने रिकामा डबा आवरला आणि ती गेली. तिला मी दोष देत नाही. मला तोंड असते तर मी बोललो असतो, एवढेच म्हणतो.

शनिवार आला. प्रमोदला सुट्टी होती. तो म्हणाला, "बाबा, आज मी आहे. तुम्ही घरी आराम करा." बाबूरावांनी चपला केव्हाच पायांत घातल्या होत्या. म्हणाले, "एवढे दिवस गाडीची वाट बघितली आणि ती फलाटाला लागताना मी घरी बसू?" दोघेही हसले. बापलेक एकत्र हसलेले मी त्या घरात तेव्हाच ऐकले. दोघे मला घेऊन चालत निघाले. वाटेत बाबूराव दोनदा थांबले. प्रमोद पुढे होता, त्याचे लक्ष झाडाकडे होते.

झाडासमोर गर्दी जमली होती. ढोलीच्या तोंडाशी भिंतीचा एक तुकडा पडला होता, आज नक्की, असे सगळे म्हणत होते. प्रमोदने कॅमेरा माझ्या डोक्यावर चढवला आणि लांब लेन्स ढोलीवर रोखली. एवढ्या लांब लेन्सला बोटाचा धक्का लागला तरी फोटो बिघडतो, म्हणून तो श्वासही जपून घेत होता. बाबूराव त्याच्या मागे, माझ्या डाव्या पायाशी स्टुलावर बसले.

मग नर आला आणि समोरच्या फांदीवर बसून ओरडू लागला. चोचीत फळ होते, पण तो ते देईना. आतून भिंतीवर चोच आपटल्याचा आवाज येऊ लागला. सगळे कॅमेरे एकदम खटखटू लागले. आणि त्याच वेळी बाबूरावांचे दोन्ही हात माझ्या पायावर आले.

असे धरणे मी कधी अनुभवले नव्हते. ते उठत नव्हते. ते बुडत होते. त्यांचे सगळे वजन माझ्या एका पायावर आले, हात थरथरू लागले, आणि ती थरथर माझ्यातून वर, कॅमेऱ्यापर्यंत गेली. न हलण्याचे माझे शिक्षण तिथे तोकडे पडले. बाबूराव हळू आवाजात म्हणाले, "प्रमोद."

प्रमोदचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला होता. समोर भिंत फुटत होती, पिल्लाचे डोके बाहेर आले होते. त्याने मागे पाहिले नाही. म्हणाला, "बाबा, हात काढा ना, हलतंय."

तो रागावून बोलला नाही, हे मला सांगितले पाहिजे. लहान मुलाला सांगावे तसे तो बोलला.

"हो, हो," बाबूराव म्हणाले.

पिल्लू फटीतून निघाले, पंख फडफडवून फांदीवर पोहोचले, बापाने त्याला फळ भरवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्यावर टॅन अंकलचा आवाज आला, "एह, प्रमोद! युअर फादर! युअर फादर लाह!"

बाबूराव स्टुलाशेजारी गवतावर आडवे झाले होते. टॅन अंकलनी कॅमेरा टाकून त्यांची छाती दाबायला घेतली, कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावली. ॲम्ब्युलन्स लवकर आली. प्रमोद तिच्यात बसून गेला. मी कॅमेरा डोक्यावर घेऊन तिथेच उभा राहिलो, फुटलेल्या ढोलीकडे तोंड करून. दुपारी टॅन अंकलनी मला मिटवले, पायांची माती रुमालाने पुसली आणि घरी पोहोचवले. दार कमलाबाईंनी उघडले. तोपर्यंत हॉस्पिटलमधून फोन येऊन गेला होता. बाबूराव गेले होते.

घरात बुद्धांच्या मूर्तीसमोर मेणबत्त्या लागल्या. ओळखीची मराठी मंडळी आली, त्रिशरण-पंचशील म्हटले गेले. प्रमोद अस्थी घेऊन आईबरोबर परभणीला गेला आणि एकटाच परत आला. कॅमेऱ्यातले कार्ड बरेच दिवस कोणी काढले नाही. शेवटी एकताने एका रविवारी ते लॅपटॉपला लावले. मी त्याच खोलीत कोपऱ्यात होतो.

"पहिले सगळे हललेत रे," ती म्हणाली. "पण हे पुढचे बघ. एकदम स्थिर. पिसांची टोकंसुद्धा दिसतायत. मधूनच असे कसे झाले?"

प्रमोदने पाहिले. मग तो उठून बाल्कनीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. एकताला वाटले, त्याला वडिलांची आठवण आली.

तिने त्यातला एक फोटो पक्षीवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवला. पिल्लू हवेत, पंख पूर्ण उघडलेले, मागे बाप चोचीत फळ धरून. त्या हंगामातला तो सगळ्यांत चांगला फोटो, असे सगळ्यांनी लिहिले. कमलाबाईंनी परभणीहून व्हिडिओ कॉलवर तो पाहिला आणि हट्टच धरला. "त्यांनी उन्हात बसून जागा धरली म्हणून मिळाला हा. फ्रेम करून एक इकडे पाठव, एक तिकडे लाव." प्रमोदने दोन फ्रेम करून घेतल्या. आज परभणीच्या घरात हार घातलेल्या बाबूरावांशेजारी तो फोटो आहे, आणि इथे सोफ्याच्या वरच्या भिंतीवर आहे. प्रमोद टीव्ही बघायला आता बाजूच्या खुर्चीवर बसत नाही. तो सोफ्यावर बसतो. तिथून तो फोटो दिसत नाही.

पाहुणे येतात, फोटोसमोर थांबतात आणि विचारतात, एवढा शार्प कसा काय आला? प्रमोद म्हणतो, "ट्रायपॉड चांगला होता." शेल्टरचे दार उघडे असले की मला ऐकू येते. मला त्या स्तुतीची लाज वाटते.

मित्रांनो, जाता जाता मी तुम्हाला माझी निगा कशी राखावी ते सांगायला हवे. सांध्यांतली वाळू झाडावी, पाय कोरडे करून मिटवावेत. पण ते तुम्ही शिकालच. माझी विनवणी वेगळी आहे. तुम्ही कशात तरी रमून गेलेले असताना कोणी मागून आधाराला हात टेकला आणि तुमचे काम हलू लागले, तर हलू द्या. आधी वळून बघा. जी माणसे आपल्यासाठी दिवसभर जागा धरून बसतात, ती आपले म्हणणे लगेच ऐकतात.

बाबूरावांनीही ऐकले. मुलाने सांगितले, तसा त्यांनी हात काढला. म्हणून तो फोटो स्थिर आला आहे.