फाटकवाल्याचा खिसा

हे पुस्तक खरं तर केव्हाच संपायला हवं होतं. गोष्ट एवढीशी, पानं मोजकी, आणि शेवटचं एकच चित्र बाकी. पण मी ते संपू देत नव्हते. पुस्तक संपलं की बाबा जाणार होते, आणि मला ते जायला नको होते. एवढं साधं कारण होतं, पण ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढणं हा माझा धंदा. या पुस्तकात एक म्हातारा फाटकवाला आहे. गाडी आली की फाटक पाडायचं, हे त्याचं काम. पण हा पठ्ठ्या उलटंच करतो. बदकांची रांग रुळावर आली, वाट चुकलेलं कासव आलं, की हा कंदील उंच धरतो आणि गाडीलाच थांबवतो. त्याच्या कोटाच्या खिशात एक उंदीर राहतो आणि पानापानावर तो खिशातून डोकं काढून मजा बघत असतो. लेखकाने हे सगळं लिहिलं आणि तो मोकळा झाला. काढत बसायला मी आहेच.

बाबा शिंपी. आई गेली आणि नंतर त्यांनी दुकानही बंद केलं. त्यांच्या गावी दुकानावरच्या खोलीत ते एकटेच राहायचे. फोनवर कायम ‘मजेत आहे’. एकदा मी न कळवता जाऊन थडकले तेव्हा ती मजा दिसली. एकदा भाजी करायची आणि तीच तीनदा गरम करून खायची. दाढी वाढलेली. जन्मभर लोकांची बटणं लावणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या शर्टाला मधलं बटण नव्हतं. ते बघून मला आधी राग आला आणि मग रडू.

‘माझ्याकडे चला’ म्हणायची मात्र हिंमत झाली नाही. भावाने ते करून पाहिलं होतं. त्याला उत्तर मिळालं, “मी काय सामान आहे, इकडून उचलून तिकडे ठेवायला?” मग मी थाप मारली. म्हटलं, “बाबा, मी अडकलेय. म्हातारा माणूस काही केल्या जमत नाही. समोर उभं राहायला कुणीतरी हवं. पुस्तक होईपर्यंत याल का?”

कामाचं नाव काढल्यावर त्यांचा चेहराच बदलला. “किती वेळ उभं राहावं लागेल?” एवढंच त्यांनी विचारलं. दाढी करून, स्वतःची कात्री रुमालात गुंडाळून ते माझ्याबरोबर निघाले.

माझी कामाची खोली म्हणजे घराची मागची खोली. खिडकीपाशी टेबल, टेबलावर पाण्याचे दोन पेले, एक ब्रश बुडवायचा आणि एक प्यायचा. त्यांची अदलाबदल मी अधूनमधून करतेच. सकाळी खिडकीतून चांगला उजेड येतो तेव्हा बाबांना एका खोक्यावर उभं करायचं आणि हातात कंदील म्हणून दुधाचं रिकामं भांडं द्यायचं. ते हात वर धरून उभे राहायचे आणि तोंडाने अखंड टीका करायचे.

“नाक एवढं मोठं आहे का माझं?”

“फाटकवाल्याचं आहे.”

“मग त्याच्या बापाला जाऊन सांग. मला का उभं केलंस?”

चित्र काढताना जो चेहरा काढतेय तोच माझ्या चेहऱ्यावर येतो. ही खोड जुनी. बदक काढताना ओठ पुढे, कासव काढताना मान आत. नवरा दारातून डोकावायचा, माझं तोंड बघायचा आणि म्हणायचा, “आज कासवच दिसतंय. मी बाहेरच बसतो.” तो शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे चेहरा न हलवता वाट्टेल ते बोलू शकतो. बाबा त्यावर इतके हसायचे की हातातलं भांडं हलायचं आणि मी दोघांवर ओरडायचे.

कोटाची भानगड पहिल्याच दिवशी सुरू झाली. मी काढलेला कोट बघून बाबांनी नाक मुरडलं. “हा कुठल्या गाढवाने शिवलाय? यात हात वर केला तर बगलेत अडकेल. तुझा फाटकवाला गाडी थांबवेपर्यंत बदकं संपतील.”

मी म्हटलं, “चित्र आहे ते.”

“चित्रातल्या माणसाला बगल नसते?”

त्यांनी माझा एक जुना जाड पडदा मागून घेतला आणि हाताने शिवून कोट तयार केला. बगल ऐसपैस, कॉलर उभी, गुडघ्यापर्यंत लांब. डावीकडे उंदरासाठी वरून लावलेला खिसा, तोही उंदीर किती मोठा ते मला विचारून. कोट घातला आणि बाबा खोक्यावर चढले तेव्हा मला खरंच वाटलं की हा माणूस गाडी थांबवेल.

तिथेच मी एक चूक केली. एरवी पुस्तक हातात घेतलं की मी आधी नमुन्याचा तक्ता करते. पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून कसं दिसतं, बटणं किती, खिसा कुठे, हे सगळं एका कागदावर काढून भिंतीला लावते, म्हणजे पहिल्या पानावरचा माणूस शेवटच्या पानावर तोच राहतो. या वेळी म्हटलं, जिवंत माणूस समोर उभा आहे, तक्ता कशाला हवा? समोर जे दिसेल ते काढत गेले.

दिवस मजेत चालले होते. बाबा दुपारी कपबशा विसळून ठेवायचे, नवऱ्याच्या विजारी मापात आणायचे, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या चप्पल दुरुस्त करणाऱ्यापाशी गप्पा मारत बसायचे. अंगावर मांस आलं. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागले. आणि पुस्तकाची चित्रं एकेक करून होत चालली, तसा माझा जीव टांगणीला लागला. कारण बाबा मध्येच म्हणायचे, “आता किती राहिली? म्हणजे मला तिकीट काढायला बरं.”

शेवटचं चित्र म्हणजे फाटकवाला घरी निघालाय आणि सगळी जनावरं त्याच्या मागे चालली आहेत. ते मी काढलं आणि दुसऱ्या दिवशी फाडलं. मागे उभ्या गाडीचं चाक वाकडं आलंय म्हटलं. परत काढलं, तर सावली चुकली. मग कागद दमट निघाला, म्हणून मधली झालेली काही चित्रंही परत काढायला घेतली. मग म्हटलं, बदकांचे चेहरे दुःखी दिसताहेत. नवरा म्हणाला, “बदकांचा चेहरा दुःखी कसा असतो ते करून दाखव.” मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो वह्या तपासायला निघून गेला.

संपादिकाबाईंचे फोन सुरू झाले. या बाई आवाज कधी चढवत नाहीत, म्हणूनच त्यांची भीती वाटते. मी वेळ मारून नेली, एकदा सर्दी सांगितली, एकदा रंग संपले सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, “असं करते, मीच येऊन बघते.” आणि आल्या.

आम्ही सगळी चित्रं मागच्या खोलीत जमिनीवर ओळीने मांडली. बाई चष्मा लावून गुडघ्यांवर बसल्या आणि पहिल्या चित्रापासून सरकत पुढे निघाल्या. बाबा दारात उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि हसून नमस्कार केला. “तुम्हीच का ते? फार छान उभे राहता.” बाबा एवढे लाजले की चहा ठेवतो म्हणून आत पळाले.

बाई मध्यावर थांबल्या. परत मागे सरकल्या. मग पुढे.

“यांचा उंदीर घर बदलतो का?”

“म्हणजे?”

“इथे खिसा डावीकडे आहे. इथे उजवीकडे. इथे परत डावीकडे. आणि बटणं बघा, इथे चार, या चित्रात पाच. कॉलर आधी उभी होती, ती पडली कधी?”

मी खाली वाकून एकेक चित्र पाहिलं. बाई म्हणत होत्या ते शब्दन् शब्द खरं होतं. इतकी वर्षं हे काम करतेय, अशी चूक मी शिकाऊ असतानाही केली नव्हती. “तक्ता केला नव्हता का?” बाईंनी शांतपणे विचारलं. मी मान खाली घातली. लाज वाटत होती, आणि त्याच वेळी आत कुठेतरी एक निर्लज्ज आनंदही होत होता, की आता अर्धी चित्रं परत काढावी लागतील आणि बाबा राहतील.

बाईंनी तोही टिकू दिला नाही. “परत काही काढू नका. चित्रं सुंदर झालीत. चुकलेल्या जागी नवा कागद चिकटवा, खिसा झाका, उंदीर हलवा. आणि ते शेवटचं चित्र मला पुढच्या आठवड्यात हवं. छापखाना यापुढे थांबणार नाही.” चहा पिऊन, बाबांचा निरोप घेऊन त्या गेल्यासुद्धा.

खिसा नक्की कुठल्या बाजूला ठेवायचा ते बघायला मी खुंटीवरचा कोट काढला. आता तो डावीकडे होता. पण उजव्या बाजूला त्याच मापाचा एक चौकोन दिसत होता. कापडात सुईची भोकं ओळीने राहिली होती, आणि कोपऱ्यात शिंप्याच्या खडूची पुसट रेघ. पाचव्या बटणाचा दोरा कापून टाकलेला होता. माझी चूक नव्हती. मी जे समोर होतं तेच काढलं होतं.

बाबा स्वयंपाकघरात कप विसळत होते.

“बाबा, हा खिसा कुणी हलवला?”

“कुठला?”

“हा. इकडे भोकं आहेत.”

त्यांनी कोटाकडे पाहिलं. “जरा कलला होता. सरळ केला.”

“या बाजूचा त्या बाजूला नेऊन सरळ केलात? आणि परत आणलात? आयुष्यात तुमचा एक तरी खिसा कधी कलला होता का?”

बाबांनी नळ बंद केला. हात पुसले. अगदी सावकाश पुसले. मग स्टुलावर बसले.

“तू ते शेवटचं चित्र सारखं फाडत होतीस, मधलीही परत काढायला लागलीस,” ते म्हणाले. “चाक वाकडं, सावली चुकली, कागद दमट. मी ते कागद पाहिले ना टोपलीत. चाक चांगलं गोल होतं. मला वाटलं, हिची कारणं संपत आलीत. म्हणून तू दुपारी पडायचीस तेव्हा मी जरा हातभार लावला.”

डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच राग आला. मी जवळजवळ ओरडलेच, “मग राहतो म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?”

“तू राहा म्हणाली होतीस का?” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. “तू म्हणालीस, कामाला माणूस हवाय. काम संपल्यावर माणूस थांबतो का कुठे?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्यांना युक्तीने घरी आणलं होतं, याचा मला केवढा अभिमान होता. आणि ते बिचारे इतके दिवस काम संपायच्या धास्तीने, ते संपू नये म्हणून धडपडत होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले, कोट मांडीवर घेऊन.

“बाबा, राहा,” मी म्हटलं. “काम काही नाही. कुणासमोर उभं राहायचं नाही. मला तुम्ही घरात हवे आहात, म्हणून राहा.”

बाबा कोटाची बाही हातात घेऊन उलटसुलट करून पाहत होते. मी उत्तराची वाट बघत होते आणि मनातल्या मनात भावाला मिळालेलं उत्तर ऐकत होते.

“मग मला एखादं कपाट दे,” बाबा म्हणाले. “बॅगेतून कपडे काढून घालतोय इतके दिवस. घडी मोडते सगळी.”

मी उठले आणि जे पहिलं दिसलं ते कपाट उघडलं. ते नवऱ्याचं होतं. संध्याकाळी तो शाळेतून आला तेव्हा त्याचे सगळे शर्ट पलंगावर पडले होते आणि मी कप्पे पुसत होते. त्याने शर्टांकडे पाहिलं, माझ्या लाल डोळ्यांकडे पाहिलं आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“त्यांना वरचा कप्पा देऊ नकोस,” तो म्हणाला. “हात पोचायचा नाही. वर माझं ठेव.”