फोनची रविवारची तपासणी

"फोन हा नोकर आहे आणि माणूस मालक!" असं निवृत्त इन्स्पेक्टरसाहेबांनी ठणकावलं, तेव्हा मालक स्वतः जमिनीवर ओणवे होते. चार्जरची वायर खुर्चीपर्यंत पुरत नव्हती.

साहेबांचा जन्म कारखान्यातल्या पाइपलाइनी तपासण्यात गेला. त्यांची पद्धत सोपी. एखादा नळ कशाचा ते कळेना, तर सरळ बंद करायचा. कोणी बोंबललं तरच उघडायचा. निवृत्तीनंतर दर रविवारी, चहा झाला की, ही पद्धत फोनच्या सेटिंग्जवर चाले.

"या अ‍ॅपला कॅमेरा कशाला हवा? बंद. याला माइक? चोंबडा कुठला! बंद."

"अहो, लेकीचा फोन यायचाय," बायको म्हणाली. "बाळ दाखवणार आहे. आजच्या दिवस राहू द्या की."

"येऊ दे ना! माझा फोन बघ, कसा चकाचक. तुझा म्हणजे धर्मशाळा. कोणीही यावं, पथारी पसरावी."

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजलाच. पडद्यावर दवाखान्यातली खाट, दमलेली लेक आणि दुपट्यात कालच जन्मलेली नात. डोळे टक्क उघडे! नातीच्या कानावर घरचा पहिला शब्द आजोबांचाच पडायला हवा होता. साहेबांनी घसा खाकरला आणि आठवडाभर घोकलेलं भाषण सुरू केलं.

"बाबा, दिसत नाही तुम्ही. आवाजही नाही," लेक म्हणाली. "लवकर करा हं, पेंगायला लागलीये ती."

साहेब मोठ्यांदा बोलले. मग ओरडले. समोरच्या शेजाऱ्याने खिडकी उघडून विचारलं, "बरं आहे ना सगळं?" अख्ख्या गल्लीला भाषण पोचलं, नात तेवढी राहिली.

त्यांनी सेटिंग्ज उघडली. पण आपणच बंद केलेला नळ कुठला, ते आठवेल तर शपथ! उभ्या नोकरीत जे घडलं नव्हतं ते आज घडलं: बोंबलणारा माणूस ते स्वतःच होते, आणि नळ उघडणारं कोणी नव्हतं.

"ठेवते बाबा, आईला लावते."

बायकोच्या फोनची काच तडकलेली, न वाचलेल्या निरोपांचा ढीग साचलेला. पण बोट लावताच चित्र आलं, आवाजही आला.

"अगं बाई, ही बघ तुझी आजी! जांभई बघा कशी देतेय, थेट आजोबांवर गेलीये!"

साहेब गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि बायकोच्या मागे जाऊन उभे राहिले. तिथून फक्त तिचा खांदा दिसत होता.

"अगं," ते हळूच म्हणाले, "धर्मशाळेत एका माणसाची सोय होईल का? जरा सरक."