आपण म्हणजे कोण?

पत्र बुधवारी दुपारी आलं, आणि भोंग्याची वाचाच बसली.

ही बातमी आमच्या गोष्टीतल्या चार इमारतींसाठी लहान नव्हती. कारण भोंगा म्हणजे नववीतली ती दोन वेण्यांची मुलगी, जी तिसऱ्या मजल्यावरून नुसती ‘आले!’ म्हणाली तरी अंगणातली कबुतरं उडायची. सहा महिन्यांपूर्वी हीच मुलगी वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा बाकाखाली तोंड घालायची, हे आता सांगून कोणाला पटलं नसतं. मग वाचनालयाच्या माडीवर रहिवाशांच्या गटांसाठी प्रशिक्षण सुरू झालं. बैठक कशी घ्यायची, नोंद कशी ठेवायची, अर्ज कसा करायचा, चारचौघांत कसं बोलायचं, असं सगळं. दर गटाने आपली माणसं पाठवायची होती. बुधवार आणि शनिवार, संध्याकाळी पाच ते साडेसहा. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला समोरच्या भिंतीपर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने स्वतःचं नाव सांगायला लावलं. ही उभी राहिली, लाल झाली, डोळे मिटले आणि जी ओरडली, की खालून ग्रंथपाल वर धावत आले.

“अगं, हा तर भोंगा आहे भोंगा!” प्लंबरकाका म्हणाले, आणि बारसं झालं.

मुळात ती तिथे गेली होती ती आत्याला सोबत म्हणून. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. कपडे शिवायची, त्यांच्याच घरात राहायची. तिचं पायमशीन दोन खोल्यांच्या मधल्या बोळात असायचं, त्यामुळे घरात कोणीही इकडून तिकडे जायचं तर आत्याने उठायचं, स्टूल आत सरकवायचं, माणसाला जाऊ द्यायचं आणि पुन्हा बसायचं. भोंग्याने एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी बसल्या बसल्या मोजलं होतं. दिवसातून बत्तीस वेळा. पण आत्याने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. ती बोलायचीच कमी. कोणी काही विचारलं की म्हणायची, “बघू.”

आणि आता खोली मिळण्याची वेळ आली होती. अंगणाच्या कोपऱ्यात जुनी पंपखोली होती. पंप कधीच दुसरीकडे हलवला होता, आत नुसता सिमेंटचा ओटा आणि कोळ्यांची जाळी. नगर कार्यालयाने कळवलं होतं, की प्रशिक्षण घेतलेल्या गटाने नीट अर्ज केला तर ती खोली रहिवाशांना वापरायला मिळेल. तिथे ‘दुरुस्तीची खोली’ करायची असं बैठकीत ठरलं. उसवलेले कपडे, गळके नळ, मोडक्या खुर्च्या, सगळं तिथे दुरुस्त व्हायचं. आत्याच्या मशीनला जागा व्हायची. आत्या त्या बैठकीत एवढंच म्हणाली होती, “खिडकी पूर्वेची आहे. सुईत दोरा ओवायला बरी.” पण भोंग्याने तिचा चेहरा पाहिला होता. खिडकीबद्दल बोलताना इतका उजळलेला चेहरा तिने कोणाचाच पाहिला नव्हता.

अर्ज भोंग्याने लिहिला. सगळ्यात सुवाच्य अक्षर तिचं. बाईंनी शिकवलं होतं तसा तक्ता आखला: काम काय, कोण करणार, कधी. पट्टीने रेघा मारल्या, एकही खाडाखोड नाही. तो तक्ता पाहून अध्यक्ष म्हणाले होते, “फ्रेम करून लावावा असा झालाय.” अध्यक्ष म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं वाचलेला माणूस, तेव्हा ही शाबासकी लहानसहान नव्हती.

आणि आता हे उत्तर. भोंगा ते जिन्यात बसून चौथ्यांदा वाचत होती.

“आपण सादर केलेल्या तक्त्यात साफसफाई, रंगकाम, नळजोडणी, चावी, वेळापत्रक, नोंदवही व शेजाऱ्यांस सूचना या सातही कामांपुढे ‘कोण करणार’ या रकान्यात ‘आपण’ असे नमूद आहे. सदर सर्व कामे या कार्यालयाने करावीत अशी आपली अपेक्षा दिसते. तसे करणे शक्य नाही. सबब अर्ज परत पाठवीत आहोत. सुधारित तक्ता शुक्रवारी दुपारी चार वाजता खोलीच्या पाहणीवेळी सादर न केल्यास खोली दिव्यांचे जुने खांब ठेवण्यासाठी वापरण्यात येईल.”

आपण! तिने आपण म्हणजे आपण असं लिहिलं होतं. आपण सगळे. आणि साहेबांनी वाचलं आपण म्हणजे आपण, तुम्ही, साहेब! म्हणजे तिने पट्टीने रेघा मारून, वळणदार अक्षरात, नगर कार्यालयाच्या साहेबांना सांगितलं होतं की या, झाडू घ्या, आणि आमची खोली झाडा.

तिला हसू यायला हवं होतं. पण मागून मशीनचा आवाज येत होता, मग थांबला, मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. तेहेतीस.

संध्याकाळी वाचनालयाच्या माडीवर तिने पत्र बाईंच्या हातात दिलं आणि खाली मान घालून उभी राहिली. बाईंचं वर्गातलं नाव ‘टिकटिकबाई’, कारण त्यांच्यासमोर नेहमी स्वयंपाकघरातलं ते टोमॅटोच्या आकाराचं वेळ लावायचं घड्याळ असायचं. टिकटिकबाईंनी पत्र वाचलं. मग चष्मा काढला. मग इतक्या हसल्या, की डोळे पुसायला पदरच घ्यावा लागला.

“बाई, माझी चूक झाली,” भोंगा पुटपुटली. “मराठीची चूक.”

“मराठी शंभर नंबरी आहे,” बाई म्हणाल्या. “बैठक चुकली. तू बैठकीत जे ऐकलंस तेच लिहिलंस ना? मग सांग, साफसफाई कोण करणार, यावर काय म्हणाले सगळे?”

“‘करू की आपण.’”

“आणि रंग?”

“‘आपणच लावू.’”

“आणि हे आपण कोण?”

माडीवर बसलेल्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्षांनी बेकरीवाल्या मावशींकडे, मावशींनी प्लंबरकाकांकडे, काकांनी आत्याकडे, आणि आत्याने खिडकीकडे.

“बघा, साहेबांना वाटलं आपण म्हणजे ते. तुम्हाला प्रत्येकाला वाटतं आपण म्हणजे शेजारचा. साहेब तुमच्यापेक्षा फार वेगळं वाचत नाहीत.” बाईंनी घड्याळ पिळून मधोमध ठेवलं. “आता खेळ. सात कामं, प्रत्येकाने बोलायचं. वाक्य ‘मी’ने सुरू करायचं, वाराने संपवायचं. ‘आपण’ नाही, ‘बघू’ नाही, ‘कोणीतरी’ तर मुळीच नाही. चुकलात की टेबल वाजवीन. आणि नोंद करणाऱ्याने,” त्यांनी भोंग्याकडे बोट दाखवलं, “शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही.”

“हिला? तोंड बंद?” प्लंबरकाका म्हणाले. “बाई, त्यापेक्षा मला पाण्याची मुख्य वाहिनी बंद करायला सांगा.”

अध्यक्ष उभे राहिले, कोट सारखा केला, घसा साफ केला. “मी असं सुचवतो, की आपण सर्वांनी मिळून...”

धप्प! बाईंनी टेबल वाजवलं.

“पण सुरुवात ‘मी’नेच केली होती!”

“आणि पाचव्या शब्दाला पळालात.”

“बरं. मी... नोंदवही ठेवीन.” पोस्टमास्तर थांबले. हे एवढंसं वाक्य त्यांनाच परकं वाटत असावं, कारण ते त्यांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. “मी नोंदवही ठेवीन. आणि मी घरोघरी चिठ्ठ्या टाकीन. सोमवारी. चिठ्ठ्या टाकायची सवय आहे म्हणा मला.”

“मी आहेच की,” काका म्हणाले.

धप्प!

“नुसतं आहेच म्हटल्याने नळ बसत नाही, काका.”

“अहो, बसवतो! मी नळ बसवीन. रविवारी. सकाळी. झालं समाधान?”

बेकरीवाल्या मावशींनी हात झटकले, जणू अजून पीठ लागलंय. “मी साफसफाई करीन. उद्याच. आणि रंग पण लावीन, शनिवारी. म्हणजे, आमच्या ह्यांना सांगून...”

धप्प!

“मग ‘ह्यांना’ बोलवा ना इथे, ‘मी’ म्हणायला.”

“ते? ते बायकोसमोर ‘मी’ म्हणायला धजावत नाहीत,” मावशी म्हणाल्या, आणि काका इतके हसले की खुर्ची मागे गेली. “बरं बाई, मीच लावीन. ते नुसती शिडी धरतील.”

भोंगा भराभर लिहीत होती, नव्हे, लिहून घेत होती. बाईंचा नियम असा, की ज्याने म्हटलं त्याने स्वतःच्या हाताने रकान्यात ‘मी’ लिहायचं आणि पुढे सही करायची. पाच कामं झाली. मग आली चावी.

चावी म्हणजे खरं काम. आठवड्यातून तीन दिवस ठरल्या वेळी खोली उघडायची, बसायचं, आलेल्याचं काम करायचं, बंद करायची. सगळे आपापल्या चपला बघू लागले. घड्याळ टिकटिकत होतं.

भोंग्याच्या जिभेवर शब्द वळवळायला लागले. आत्या करेल! आत्याला तेच हवंय! सगळ्यांना सांगून टाकावं, बत्तीस वेळा उठणं, पूर्वेची खिडकी, सगळं. असं ओरडावं, की ग्रंथपाल पुन्हा वर यावेत. तिचं तोंड उघडलंसुद्धा.

बाई नुसत्या तिच्याकडे पाहत होत्या. हळूच म्हणाल्या, “दुसऱ्याचा ‘मी’ आपल्याला म्हणता येत नाही गं.”

भोंग्याने पेनाचं टोपण दातात धरलं. इतकं घट्ट, की टोपणाला चीर गेली. सहा महिन्यांपूर्वी तिला मोठ्याने बोलणं सगळ्यात अवघड वाटायचं. गप्प बसणं त्याहून अवघड निघालं.

टिक, टिक, टिक.

“बघ...” आत्या म्हणाली, आणि थांबली. ‘बघू’ तिच्या तोंडात अर्धं राहिलं होतं. बाईंचा हात टेबलावर उचलला गेला, पण पडला नाही. आत्याने मांडीवरचे हात एकमेकांवर घट्ट ठेवले.

“मी उघडीन,” ती म्हणाली. “मी. मंगळवार, गुरुवार, शनिवार. दुपारी तीन ते सहा. माझं मशीन मी तिथे ठेवीन. आणि कोणाला शिवायला शिकायचं असलं, तर...” तिने श्वास घेतला. “मी शिकवीन.”

घड्याळ खणखणलं. सगळे दचकले, मग टाळ्या पडल्या. आत्याने वही ओढली आणि रकान्यात ‘मी’ लिहिलं. पाय मोडल्यासारखा वाकडा झाला तो ‘म’. भोंग्याला तो अख्ख्या तक्त्यातला सगळ्यात सुंदर वाटला. उरलेलं सातवं काम, वेळापत्रक लिहून दारावर लावणं. तिथे भोंग्याने स्वतःच सही केली. तोंड बंद ठेवूनच.

शुक्रवारी चारला साहेब आले. सडपातळ माणूस, बगलेत फाईल, बुटावर धूळ. गुरुवारी मावशींनी पंपखोली इतकी घासली होती, की सिमेंटचा खरा रंग दिसत होता. साहेबांनी तक्ता हातात घेतला आणि भुवया वर गेल्या.

“आता सगळीकडे ‘मी’? मागच्या वेळी आपण, आता मी. हा मी कोण?”

“मी!” अध्यक्षांनी हात वर केला. “दोन ओळी माझ्या.”

“मी,” मावशी म्हणाल्या. “ही खालची जमीन बघा, त्यात तोंड दिसेल तुमचं.”

“मी. रविवारी,” काकांनी पाना उंचावून दाखवला.

“मी,” आत्या म्हणाली. हळू, पण साहेबांनी ऐकलं, कारण त्यांनी फाईलमधून मान वर केली.

भोंग्याने मात्र तिचा ‘मी’ अशा आवाजात सांगितला, की कबुतरं उडाली आणि साहेबांच्या हातातला कागदही.

साहेबांनी कागद उचलला, हसू दाबलं, खाली शिक्का मारला. आत्याचे खांदे जे खाली आले ते पाहून भोंग्याचाही जीव भांड्यात पडला. मग साहेब खोलीत फिरले. छतातून नुसत्या दोन तारा लोंबत होत्या.

“अंधार पडल्यावर काय करणार? दिव्याची जोडणी तर कार्यालयाकडूनच लागेल,” प्लंबरकाका म्हणाले.

“हो, ते... बघू आपण,” साहेब म्हणाले आणि दाराकडे वळले.

अध्यक्ष काकांकडे बघायला लागले, काका छताकडे. भोंग्याने तोंड उघडलं, पण तिच्या आधीच दुसरा आवाज आला.

“साहेब,” आत्या म्हणाली, “आपण म्हणजे आम्ही, की आपण?”

साहेब दारात थबकले. एक क्षण कळेना ते चिडणार की काय. मग त्यांच्या कानाची पाळी लाल झाली. त्यांनी खिशातून पेन काढलं, तक्ता भिंतीला टेकवला आणि सातव्या ओळीखाली हाताने आठवी ओढली. दिवा. मी. सोमवार. आणि पुढे सही, कार्यालयातली लफ्फेदार.

“पट्टी देऊ का?” भोंग्याने विचारलं. “रेघ वाकडी आलीय.”

“असू दे गं,” आत्या म्हणाली. “चांगली आहे.”

साहेब गेल्यावर आत्या तडक वर गेली. रंगाला, नळाला, दिव्याला अजून वेळ होता, पण तिला आता थांबवत नव्हतं. बोळात मशीन होतं, त्यावर अर्धवट शिवलेला शर्ट. तिने शर्ट घडी करून बाजूला ठेवला, बॉबिन काढून मुठीत घेतली आणि स्टूल शेवटचं सरकवलं.

“भोंग्या, ये. एक बाजू धर.”

“कोण? मी?” भोंगा म्हणाली. आता तिला हा शब्द फार आवडायला लागला होता.

आत्याने मशीनच्या लोखंडी पायाखाली हात घातला आणि मान वर करून हसली.

“एकटीला झेपणार आहे का तुला? आपण.”