शिकंज्याची जागा

"बाई, तुमचा काटा बिघडलाय," वजनकाट्याच्या खिडकीत डोकं घालून लिफ्टवाले म्हणाले. "ट्रेलरचं वजन माझ्या हिशेबापेक्षा बरंच कमी दाखवतोय. पुन्हा करा."

काट्यावरच्या बाईने डब्यातला घास सावकाश संपवला. "काटा परवाच तपासून गेलेत, काका. तुमचंच काहीतरी चुकत असेल."

आता हे लिफ्टवाल्यांना सांगायचं म्हणजे कमालच! उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस. सहा माणसांची पाटी असेल तर सातव्याला बाहेर काढणारच, मग तो साहेब असो नाहीतर साहेबाचा सासरा. निवृत्त झाल्यावर त्यांनी राहतं घर मुलीला दिलं आणि स्वतःसाठी चाकांवरचं घर घेतलं. लांबलचक ट्रेलर, मागे चाकांचे दोन ॲक्सल, पुढचं तोंड पिकअपच्या हौद्यातल्या जोडावर टेकलेलं. दोन वर्षं नवराबायको त्यातून फिरत होती. पुढचा पूल जुना, त्यावर जाण्याआधी वजन करणं सक्तीचं, म्हणून आज इथे थांबावं लागलं. एरवी लिफ्टवाले काट्याची पायरी चढणाऱ्यांतले नव्हेत. त्यांचा विश्वास पाटीवर.

ट्रेलर घेतला तेव्हा जमिनीवर आडवं पडून त्यांनी दोन्ही ॲक्सलच्या पाट्या वाचल्या होत्या. हा इतकं पेलतो, तो इतकं पेलतो, दोन्हींची बेरीज केली की झाली ट्रेलरची मर्यादा. मग रिकाम्या ट्रेलरचं वजन, पाण्याची टाकी, गॅस, भांडीकुंडी, कपडे, सगळं मिळवलं आणि आकडा काठोकाठ आला. दारामागे कंपनीची आणखी एक पाटी होती, तिच्यावर एकूण वजन बरंच जास्त दिलं होतं. ती वाचून ते हसले होते. "विकणाऱ्याचं काय जातं? हत्ती चढवा म्हणेल!"

त्याच संध्याकाळी बायकोने शिकंज्याचं विचारलं.

ती पुस्तकबांधणी करायची. शाळांची, वाचनालयांची फाटकी पुस्तकं घरी यायची आणि धडधाकट होऊन परत जायची. त्या कामाचा तो ओतीव लोखंडाचा शिकंजा. वरचं चाक फिरवलं की खाली पुस्तकांची चळत घट्ट दाबली जाई. ती म्हणाली होती, "गावोगावी वाचनालयं असतातच. जिथे थांबू तिथे चार पुस्तकं बांधून देईन. माझेही हात चालते राहतील."

"शंभर किलोचं धूड आहे ते. म्हणजे दीड माणूस! नाही बसणार."

"अहो, एकदा काट्यावर तर नेऊन बघू."

"मला वजन शिकवतेस? जन्म गेला माझा वजनात!"

शिकंजा कुणी फुकटसुद्धा घेईना, शेवटी भंगारात गेला. दोघा माणसांनी तो उचलून टेम्पोत टाकला, तेव्हा लिफ्टवाले टायरमधली हवा बघत होते.

"असं बघा," काट्यावरची बाई आता खिडकीतून बाहेर वाकून सांगू लागली. "ट्रेलरची चाकं तेवढी काट्यावर आहेत आणि पिकअप खाली उभी आहे. मग ट्रेलरच्या पुढच्या भागाचं ओझं कुणावर?"

लिफ्टवाल्यांनी वळून पाहिलं. ट्रेलरचं तोंड पिकअपच्या हौद्यात टेकलेलं होतं. ते तिथेच दोन वर्षं टेकलेलं होतं.

"कपाट दोघांनी उचललं की सगळा भार मागच्याच्याच हातावर येतो का हो? पाचातला एक भाग तुमची पिकअप उचलतेय. तिला पेलतंय का तेही बघू. आणा पुढे."

पिकअपचंही वजन झालं. तिला पेलत होतं. ट्रेलरच्या दारामागची पाटीही बाईने वाचून घेतली.

"सगळं मर्यादेत आहे," बाई म्हणाली. "ॲक्सल, टायर, जोड, पिकअप, सगळ्यांचं बघायचं आणि जो सगळ्यांत कमी पेलतो त्याचं ऐकायचं. पण दारामागच्या पाटीपर्यंत खुशाल भरा. जवळजवळ एक टन शिल्लक आहे तुमच्याकडे."

एक टन. लिफ्टवाल्यांनी सवयीने माणसं मोजली. चौदा माणसं मावली असती आणि आपण दीड माणसाच्या तोंडावर दार लावलं. त्यांचे कान तापले.

बायको पिकअपमध्ये बसली होती, हात मांडीवर. गेल्या हिवाळ्यापासून तिच्या बोटांचे सांधे सुजलेले. आधी हातांना काम नव्हतं, मग हातच कामाचे राहिले नाहीत. मुकाट्याने गाडी चालू केली असती तर तिला काही कळलंही नसतं. लिफ्टवाल्यांनी तिच्या बाजूचं दार उघडलं. मग म्हणाले, "अगं, जागा होती."

"कसली?"

"शिकंज्याची. एक सोडून नऊ शिकंजे मावले असते. पुढचं वजन पिकअपवर येतं आणि मी सगळं चाकांच्या माथी मारलं. माझंच चुकलं."

ती समोरच्या काचेतून पुलाकडे बघत राहिली. "तेव्हा काटा केला असता तर अर्धा तास गेला असता," ती म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"दुसरा घेऊ. जुना कुठेतरी मिळेलच."

तिने उजवा हात उचलून मूठ मिटून दाखवली. बोटं अर्ध्यावर अडली. "चाक कोण फिरवणार?"

"मी फिरवीन की!"

"तुम्ही? पानं फाडून ठेवाल." ती जराशी हसली. "चला आता, मागे गाड्या खोळंबल्यात."

पूल ओलांडल्यावर त्यांनी झाडाखाली गाडी लावली. वारा सुटला होता, बायकोने शाल मागितली. लिफ्टवाले ट्रेलरमध्ये गेले, दोन पायऱ्या चढून पुढच्या झोपायच्या खोलीत. खिडकीखालचा कोपरा नेहमीसारखा मोकळा होता. तिथे तिने कधी काहीच ठेवलं नव्हतं, नुसती एक चटई. आल्यागेल्याला ते कौतुकाने दाखवायचे, "वजन कसं वाचवावं ते हिच्याकडून शिका!"

आज त्यांनी वाकून चटई उचलली. खालच्या फळीवर पेन्सिलने आखलेला चौकोन होता, अगदी पट्टी लावून, आणि चार कोपऱ्यांत बोल्टसाठी चार छोटी वर्तुळं. त्यांना विचारण्याआधीच तिने जागा मोजून ठेवली होती. तीही इथे पुढे, जिथलं ओझं पिकअप उचलते.

"अहो, सापडली का शाल?"

"सापडली," ते म्हणाले. चटई हातात धरून पुन्हा म्हणाले, "सापडली, आणतो."

त्यांनी चटई होती तशी अंथरली, शाल खांद्यावर टाकली आणि त्या रिकाम्या कोपऱ्याला वळसा घालून, अंग चोरून, ते दाराकडे गेले.