संबोधनाचा रकाना

नवरा सोमवारी गेला आणि शुक्रवारी परत मिळाला. सरकारी कामात इतकी चपळाई मी पहिल्यांदाच पाहिली. शिंप्यावाचून शहराची अडचण नको, म्हणून खात्याने ह्यांचा क्लोन धाडला. खात्याच्या भाषेत 'सत्यप्रत'. तेच नाक, तेच टक्कल. महिनाभर वापरून बघायची. दोष निघाला तर ही मोडीत आणि दुरुस्त फॉर्मवरून नवी.

आठवणींचा फॉर्म बायकोने भरायचा. अठरा पानं! ह्यांचं घोरणं मी गाळलं, माझ्या भावाशी झालेलं भांडण गाळलं. नवरा सुधारायची अशी संधी कोण सोडतं? 'पती-पत्नींमधील संबोधन' या रकान्यात जन्माच्या सवयीने लिहिलं: अहो.

खात्याने ते शब्दशः घेतलं.

"अहो, चहा घेता ना?" सत्यप्रत पहिल्याच सकाळी म्हणाली.

एकतीस वर्षं ज्या तोंडातून 'अगं'शिवाय हाक निघाली नाही, त्यातून 'अहो'! वर चहाही स्वतः केलेला. शेजारणी जळून खाक झाल्या. मला मात्र घरात पाहुणा उतरल्यासारखं वाटायचं. मला माझं 'अगं' हवं होतं, दातांत दोरा धरून, सुई सापडत नाही म्हणून माझ्यावरच खेकसलेलं. मी तक्रारीचा अर्ज लिहून ठेवला.

तिसाव्या दिवशी तपासनीस आला. सत्यप्रत मशीनपाशी सुईत दोरा ओवत होती. तीनदा चुकला.

"काही दोष?" तपासनीसाने विचारलं.

मी अर्ज पुढे करणार, तेवढ्यात मशीनकडून हळूच आवाज आला, "अहो, मोडीत काढताना दुखतं का हो?"

ह्यांनी मरताना असं काही विचारलं नव्हतं. "अगं, पंखा लाव," एवढंच शेवटचं बोलले. हा माणूस मात्र घाबरला होता. महिन्याचा तर होता बिचारा.

"अरे, घाबरू नकोस," माझ्या तोंडून निघून गेलं.

तपासनीसाने मान वर केली. "नवऱ्याला 'अरे' म्हणता? बाई, हे तेच आहेत ना? नसतील तर आत्ताच नेतो."

मी अर्ज मुठीत चुरगळला. "तेच आहेत. लिहा."

त्याने लिहिलं, मी सही केली. माझा नवरा मेलाच नाही, हे आता माझ्याच सहीने सिद्ध झालं. तपासनीस जिना उतरेपर्यंत कशीबशी थांबले. मग ह्यांच्यासाठी पहिल्यांदाच रडले, धाय मोकलून.

"अहो, काय झालं?" त्याने विचारलं.

"नवरा गेला रे माझा," मी म्हणाले. "तू चहा टाक."